तापाचे चोवीस तास

ऑक्सफर्डचे मॅथ्यू थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४८ मुलांच्या आजारपणाची माहिती गोळा केली. आईवडिलांना त्यांनी विचारलं, पहिल्या तासापासून काय काय दिसलं आणि ते केव्हा दिसलं. ही सगळी मुलं ब्रिटनमधली, १६ वर्षांची किंवा त्याहून लहान. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांना मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंगोकॉकस या जंतूने गाठलं होतं. त्यांतली १०३ मुलं वाचली नाहीत. त्या १०३ घरांत ती प्रश्नावली कुणी आणि कशी भरली असेल, हा विचार बाजूला ठेवून मला तो अभ्यास वाचताच येत नाही. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला आणि या आजाराचं घड्याळ पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसलं.

पुढचा घटनाक्रम त्या घड्याळावर बेतलेला आहे. तो कुणा एका मुलाचा नाही. यातले तास ४४८ मुलांच्या हिशोबातले मधले तास आहेत. तान्ह्या बाळात सगळं याहून लवकर घडतं, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलात थोडं उशिरा. ताप संध्याकाळी सहाला आला, एवढंच मी सोयीसाठी धरलं आहे. दिवस हिवाळ्यातला. ब्रिटनमध्ये हा आजार हिवाळ्यात जास्त डोकं वर काढतो.

त्याआधीचे काही दिवस

जंतू घशात आला आहे. कुणाच्या खोकल्यातून, शिंकेतून, चुंबनातून किंवा एकाच खोलीत बराच वेळ जवळजवळ बसल्यामुळे. ज्याच्याकडून आला तो बहुधा ठणठणीत आहे. कुठल्याही वेळी साधारण दहा टक्के माणसांच्या नाकामागच्या घशात हा जंतू मुक्कामाला असतो, कॉलेजच्या वयात त्याहून जास्त जणांच्या. बहुतेकांच्या बाबतीत तो आठवडे, महिने राहतो आणि निघून जातो. त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, उलट त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती मिळून जाते. माणसाखेरीज दुसऱ्या कुठल्या प्राण्यात तो राहत नाही. त्याला लागणारं लोह तो माणसाच्या रक्तातल्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाकडून थेट ओढून घेतो, आणि ही ओढून घेण्याची सोय माणसाच्याच ट्रान्सफेरिनला बसणारी आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली तो जोडीने दिसतो. घेवड्याचे दोन दाणे पोटाकडच्या बाजूने एकमेकांना चिकटवावेत, तसा. अंगावर बारीक तंतू असतात, त्यांनी तो घशाच्या अस्तराला धरून राहतो. भोवती शर्करेचं कवच असतं. या कवचाच्या रासायनिक जातीवरून त्याचे गट पाडले आहेत, आणि या जंतूचे जगातले जवळजवळ सगळे आजार ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय या सहा गटांमुळे होतात. गट बीचं कवच माणसाच्या मज्जापेशींवर असणाऱ्या एका साखळीशी इतकं मिळतंजुळतं आहे की शरीर त्याला परकं मानायला तयार होत नाही. शिवाय जंतूच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, ते आपल्या रक्तातला 'फॅक्टर एच' हा रक्षक पकडून अंगावर घेतं. फॅक्टर एच अंगावर असला की रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची मारक यंत्रणा त्या पेशीला आपलीच समजून सोडून देते.

हजारो वाहकांतल्या एखाद्याच्या बाबतीत हा जंतू अस्तर ओलांडून रक्तात उतरतो. याच मुलाच्या, याच आठवड्यात का, याचं उत्तर कधी सापडतं, कधी नाही. काहींच्या रक्तात जन्मतःच कॉम्प्लिमेंटचे शेवटचे घटक नसतात, त्यांना हा आजार पुन्हा पुन्हा होऊ शकतो. पण बहुतेक मुलं आजारी पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत धडधाकट असतात.

संध्याकाळी ६. तास शून्य

ताप. मूल किरकिरं झालं आहे, जेवत नाही. एखादी उलटी. कुणाला नाक वाहतं, कुणाचा घसा दुखतो. त्या मोसमात शाळेत निम्मा वर्ग असाच आजारी असतो.

रात्री १०. तास चौथा

यात आणखी काही भर पडलेली नाही. थॉम्पसन यांच्या पाहणीत बहुतेक मुलांना पहिले चार ते सहा तास फक्त अशीच, कुठल्याही आजारात दिसणारी लक्षणं होती. या वेळी डॉक्टरांकडे नेलं तर डॉक्टर तपासतात, घसा बघतात, व्हायरल ताप असेल म्हणतात, पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतात. यात त्यांची हयगय धरता येत नाही. दहाच्या ठोक्याला या मुलात आणि साध्या फ्लूच्या मुलात फरक दाखवणारं असं काहीही डोळ्यांना दिसत नसतं. पाहणीतली जी मुलं आधी डॉक्टरांना दाखवली होती, त्यांच्यापैकी पहिल्या भेटीतच रुग्णालयात पाठवली गेली ती ५१ टक्के. बाकीची घरी परतली.

आत मात्र जंतू वेगाने दुप्पट होत चालला आहे. वाढता वाढता तो आपल्या बाह्य आवरणाचे बारीक बुडबुडे रक्तात सोडत राहतो. त्या बुडबुड्यांवर एंडोटॉक्सिन असतं. हे विष माणसाच्या पांढऱ्या पेशींना फार थोड्या प्रमाणातही चिथावतं, आणि पुढच्या सगळ्या नासधुशीचा बराचसा भाग या चिथावलेल्या पेशींचाच आहे.

मध्यरात्रीनंतर २. तास आठवा

या तासाशी मी थांबणार आहे. सगळ्या घटनाक्रमात मला हाच तास सर्वांत मोलाचा वाटतो.

पाहणीतल्या ७२ टक्के मुलांत तीन गोष्टींपैकी एक तरी दिसली होती: पाय दुखणं, हातपाय गार पडणं आणि कातडीचा रंग बदलणं. त्या दिसू लागल्या तो मधला तास आठवा होता. मेंदूज्वराची म्हणून पुस्तकात शिकवली जाणारी लक्षणं, म्हणजे रक्ताळलेलं पुरळ, ताठ मान, उजेड सहन न होणं, ग्लानी, ही तोवर कुठेच नव्हती. ती यायला अजून पाच ते चौदा तास होते.

या तीन गोष्टी मेंदूच्या नाहीत, रक्ताच्या आहेत. जंतू आणि त्याचं विष रक्तात फिरू लागलं की बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, आतलं रक्त कमी पडू लागतं. शरीर मग मेंदू, हृदय यांना रक्त पुरवण्यासाठी हातापायांच्या वाहिन्या आवळून घेतं. म्हणून कपाळ पोळत असतं आणि तळपाय बर्फासारखे गार. म्हणून चेहरा फिकट, ओठ निळसर, मांड्यांवर जाळीदार डाग. पायांच्या स्नायूंना रक्त कमी पडतं, आणि मूल पोटऱ्या धरून रडतं, उभं राहायला नकार देतं, कधी पायाला हातही लावू देत नाही.

ताप चढताना हातपाय गार पडतात हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असतं, आणि ते खरं आहे. थंडी वाजून ताप भरतो तेव्हा असंच होतं. म्हणूनच हे लक्षण सहज सोडून दिलं जातं. ताप पूर्ण चढल्यावर, पांघरूण घातल्यावर, औषध देऊन तासभर झाल्यावरही हातपाय गारच राहिले, आणि त्यासोबत पाय दुखत असले किंवा रंग उतरला असला, तर तो नुसता चढता ताप नाही. छातीच्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडावं. दाबलेल्या जागी रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागले, तर रक्त तिथवर नीट पोचत नाही. याला यंत्र लागत नाही, घरात घड्याळ असलं की पुरे.

डॉक्टरांना सांगतानाही शब्द महत्त्वाचे ठरतात. 'ताप आहे, किरकिर करतोय' असं मध्यरात्री फोनवर सांगितलं तर पलीकडचा माणूस सकाळपर्यंत वाट बघायला सांगेल. 'तापात पाय गार आहेत, पोटऱ्या दुखतायत, अंगावर जाळी दिसतेय' हे ऐकल्यावर त्याने लगेच आणायला सांगितलं पाहिजे. त्याने सांगितलं नाही, तरी न्यावं. आईला वाटलं की हा नेहमीचा ताप नाही, तर ते वाटणं तपासणीच्या कागदावर लिहिलं गेलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मूल रोज कसं असतं हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

सकाळी ७. तास तेरावा

पुरळ उमटायला लागलं आहे. सुरुवातीला ते गोवरासारखं, दाबलं की फिकं होणारं असू शकतं. काही तासांत टाचणीच्या टोकाएवढे लालजांभळे ठिपके होतात. ते कातडीखाली सांडलेलं रक्त असतं, म्हणून दाबून जात नाहीत. ब्रिटनमध्ये आईवडिलांना काचेच्या पेल्याची चाचणी शिकवली जाते. पारदर्शक पेला पुरळावर घट्ट दाबायचा, काचेतून ठिपके तसेच दिसत राहिले तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं. सावळ्या आणि काळ्या कातडीवर हे ठिपके सहज दिसत नाहीत. तळहात, तळपाय, टाळू, पापणीची आतली बाजू इथे पाहावं लागतं. आपल्या मुलांसाठी ही ओळ त्या सल्ल्यात ठळक अक्षरांत हवी.

ही चाचणी चांगली आहे. पण तिचा एक दुष्परिणाम असा की माणसं पुरळाची वाट बघत बसतात. पुरळ नाही म्हणजे तो आजार नाही, अशी समजूत होते. तास तेरावा हा मधला आकडा आहे. निम्म्या मुलांत पुरळ याहूनही उशिरा उमटलं, आणि काहींना ते आलंच नाही.

सकाळी १०. तास सोळावा

आता आत दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत आहेत, आणि गुठळ्यांत गोठवणारे घटक खर्ची पडल्यामुळे बाकीच्या ठिकाणी रक्त थांबेनासं झालं आहे. एरवी गुठळी हाताबाहेर जाऊ नये म्हणून 'प्रोटीन सी' नावाचा एक घटक काम करतो. त्याला चालू करणारे ग्राहक वाहिन्यांच्या अस्तरावर असतात. या आजारात ते अस्तरच खरवडलं जातं, आणि आवर घालणारं कुणी उरत नाही. ठिपक्यांचे चट्टे होतात, चट्टे एकमेकांत मिसळतात, बोटांची टोकं काळवंडतात. ज्या मुलांची बोटं, हात, पाय पुढे कापावे लागतात, त्यांच्या नुकसानीची सुरुवात या तासांतली असते.

मूत्रपिंडावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींमध्ये रक्तस्राव होऊ शकतो. रुपर्ट वॉटरहाउस यांनी १९११ मध्ये आणि कार्ल फ्रिडरिक्सेन यांनी १९१८ मध्ये याचं वर्णन केलं. त्या दोघांची नावं आजही या अवस्थेला लागलेली आहेत.

काही मुलांत जंतू मेंदूच्या आवरणात शिरतो आणि तिथे आजार मुख्यतः मेंदूज्वराचा राहतो. मान ताठ होते, डोकं फुटतं, उजेड नको होतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण अशा मुलांची जगण्याची शक्यता जास्त असते. सर्वांत घातक ती मुलं, ज्यांच्या मानेला काही झालेलंच नसतं आणि जंतू रक्तातच माजलेला असतो. अशांच्या एका मिलिलिटर रक्तात कोट्यवधी जंतू मोजले गेले आहेत.

दुपारी १. तास एकोणिसावा

रुग्णालयात दाखल होण्याचा मधला तास.

घरी डॉक्टर आले असतील आणि त्यांना संशय आला असेल, तर पेनिसिलिनचं इंजेक्शन त्यांनी तिथेच दिलेलं असतं. ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांनी बेंझिलपेनिसिलिन बॅगेत बाळगावं असा सल्लाच होता. वर्षाच्या आतल्या बाळाला ३०० मिलिग्रॅम, नऊ वर्षांपर्यंत ६००, त्यापुढे १२००. रुग्णालयात सेफ्ट्रायॅक्सोन. जंतू मारल्यावर त्याच्या आवरणातलं विष सुटून मूल आणखी बिघडेल, अशी भीती पूर्वी घातली जायची. नॉर्वेचे पेटर ब्रांट्सेग यांनी रुग्णांच्या रक्तात एंडोटॉक्सिन तासातासाला मोजलं, आणि औषध सुरू झाल्यावर ते उतरतं असं दाखवून दिलं. तेव्हा थांबायला कुठलंच कारण उरत नाही. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढण्यासाठीही थांबत नाहीत. शॉकमधल्या मुलाला त्यासाठी वाकवणंच धोक्याचं असतं.

खरी झुंज द्रवाची असते. दर किलो वजनामागे २० मिलिलिटर सलाइन काही मिनिटांत, मग पुन्हा तेवढंच, मग तिसऱ्यांदा. दिलेलं पाणी पाझरून फुप्फुसांत उतरू शकतं, म्हणून श्वासनलिकेत नळी आणि व्हेंटिलेटर. हे सगळं नीट आणि एकाच शिस्तीने केलं तर काय होतं, याचा दाखला लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाने दिला. तिथल्या बाल अतिदक्षता विभागात या आजाराने दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण १९९२-९३ मध्ये २३ टक्के होतं, १९९७ मध्ये ते २ टक्क्यांवर आलं. त्यांचं पथक गावोगावच्या रुग्णालयांत जाऊन मुलाला तिथेच स्थिर करायचं आणि मग लंडनला आणायचं. नवं जादूचं औषध त्यांच्या हाती आलेलं नव्हतं.

संध्याकाळी ६. तास चोविसावा

थॉम्पसन यांच्या पाहणीचा निष्कर्ष असा, की पहिल्या चार-सहा तासांत साध्या तापासारखी दिसणारी ही मुलं चोवीस तासांत मृत्यूच्या दारात असतात. उपचार मिळूनही सर्वसाधारणपणे दहातलं एक दगावतं. वाचलेल्यांपैकी पाचातल्या एकापर्यंत कुणाला ऐकू येत नाही, कुणाला झटके येतात, कुणाचे पाय गेलेले असतात.

प्रयोगशाळेत या वेळी काय चाललेलं असतं, तेही पाहायला हवं. दुपारी एकला घेतलेलं रक्त संवर्धनासाठी लावलं आहे. मेनिंगोकॉकस फार नाजूक. वाळला की मरतो, गारठला की मरतो. त्यामुळे मणक्यातलं पाणी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही हा नियम प्रत्येक तंत्रज्ञाला घोटवलेला असतो. त्याला तापवून तपकिरी केलेल्या रक्ताचं खाद्य देतात, ज्याला चॉकलेट अगार म्हणतात, आणि सोबत पाच ते दहा टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा. एवढे लाड पुरवल्यावर बशीत वसाहती दिसायला साधारण १८ ते २४ तास लागतात. मग ऑक्सिडेज चाचणी, मग साखरेच्या चाचण्या. ग्लुकोज आणि माल्टोज दोन्ही आंबवलं तर मेनिंगोकॉकस. फक्त ग्लुकोज आंबवलं तर त्याच्या कुळातला गोनोकॉकस, परम्याचा जंतू. गोनोकॉकस अल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये ओळखला, त्यांच्यावरून सगळ्या कुळाला नायसेरिया म्हणतात. मेनिंगोकॉकस आंटोन वाइक्सेलबाउम यांनी व्हिएन्नात १८८७ मध्ये वेगळा काढला.

म्हणजे शून्य तासापासून मोजलं तर रक्तातल्या जंतूचं नाव कागदावर यायला चाळीस तास तरी उलटतात. आता पीसीआरने ते काही तासांत होतं, मणक्यातल्या पाण्याची ग्रॅमची रंगचाचणी तर तासाभरात होते. पण या प्रत्येक चाचणीची सुरुवात मूल रुग्णालयात पोचल्यावरच होते.

प्रयोगशाळेच्या अहवालाचा उपयोग घरातल्या बाकीच्यांना होतो. गेल्या सात दिवसांत ज्यांचा निकटचा सहवास होता, त्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा रिफॅम्पिसिन देतात, म्हणजे त्यांच्या घशातला जंतू निघून जातो. आणि जंतूचा गट कळला, की कोणती लस द्यायची हे ठरतं.

शून्याच्या आधी

या घड्याळाच्या पुढे जाऊन उभी राहते ती फक्त लस. ब्रिटनने नोव्हेंबर १९९९ मध्ये गट सीची नवी संयुग्म लस द्यायला सुरुवात केली. असं करणारा तो जगातला पहिला देश. पाहणीतल्या मुलांच्या वेळी ती नव्हती. लसीकरण झालेल्या मुलांत तर आजार घटलाच, पण लस घेतलेल्यांच्या घशातही जंतू टिकेना, त्यामुळे न घेतलेल्यांतही तो कमी झाला. गट बीला मात्र कवचावरून लस बनवण्याचा मार्ग बंद होता, कारण ते कवच शरीराला परकं वाटतच नाही. तिथे २००० साली उलगडलेल्या जंतूच्या जीनोमवरून प्रथिनं हुडकून लस बनवली गेली. फॅक्टर एच पकडणारं ते प्रथिन तिच्यात आहे. २०१५ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमधल्या तान्ह्या बाळांना ती मिळते.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात याच जंतूच्या गट एने १९९६-९७ मध्ये अडीच लाखांवर माणसं आजारी पाडली आणि पंचवीस हजार मारली. तिथल्या आरोग्यमंत्रालयांना परवडेल अशी लस श्रीमंत देशांतल्या कंपन्यांना बनवायची नव्हती. ती पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था यांच्यासोबत, एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत ती टोचायला सुरुवात झाली. चाळीस अंशांपर्यंतच्या उन्हात चार दिवस शीतपेटीबाहेर टिकते, हे मागाहून सिद्ध झालं, आणि वीज नसलेल्या गावांत ती पोचली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात गट एचा एकही खात्रीचा रुग्ण आढळलेला नाही. आता पुण्याचीच, ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स अशा पाच गटांवरची लस आली आहे, आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली.

दिल्लीने गट एची साथ १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये भोगली. मेघालयात ती २००८ मध्ये आली. आपल्याकडे मेनिंगोकॉकसची लस हजयात्रेकरूंना सक्तीची आहे, प्लीहा नसलेल्यांना आणि कॉम्प्लिमेंटची कमतरता असलेल्यांना सुचवली जाते, वसतिगृहात राहायला परदेशी निघालेल्या मुलांना तिथली विद्यापीठं मागतात. सरकारी लसीकरणाच्या सर्वसाधारण तक्त्यात ती नाही. परदेशी निघालेल्या मुलाच्या कागदपत्रांत लसीचा दाखला मागितलेला असेल, तर कोणते गट मागितलेत ते पाहून घ्यावं. एसीडब्ल्यूवाय आणि बी या सहसा दोन वेगळ्या लसी असतात, आणि एक घेतल्याने दुसरीचं संरक्षण मिळत नाही.